भोंग्या

"कुत्रं बाहेर काढ! आधी ते कुत्रं बाहेर काढ!"

म्हातारा गोठ्याच्या दारात उभा राहून ओरडला, तेव्हा सूनबाई नव्या म्हशीच्या कासेखाली बादली धरून बसली होती. तिच्या मागे वैरणीच्या ढिगावर दीड वितीचं काळं पिल्लू चारी पाय ताठ करून भुंकत होतं. म्हातारा एकदा ओरडला की पिल्लू दोनदा भुंके, आणि पिल्लू भुंकलं की म्हातारा आणखी वरच्या पट्टीत जाई. दोघांच्या मध्ये म्हैस कान टवकारून उभी. तिनं सड आखडून घेतले, मागचा पाय झाडला, आणि बादलीत जे काही अर्धमुर्धं दूध होतं ते हिंदकळून सुनेच्या लुगड्यावर सांडलं.

"झालं!" म्हातारा म्हणाला. "चोरला पान्हा. बघ, बघ तुझ्या लाडक्याचे प्रताप. भोंगा आहे नुसता भोंगा!"

त्या दिवसापासून पिल्लाचं नाव भोंग्या पडलं.

सुनेलाही गावानं नाव ठेवलं होतं, फटाकडी. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. लग्नाला तीन वर्षं झाली होती. नवरा ट्रकवर ड्रायव्हर, महिन्यातून दोन-चार दिवस घरी टेकला तर टेकला. शेत सासऱ्याचं, घर सासूचं, आणि गोठा तेवढा फटाकडीचा. तोही कुणी तिला दिलेला नव्हता. सासूचे गुडघे धरले, शेणात बसणं होईना, म्हणून तो तिच्या अंगावर पडला आणि मग तिनं तो सोडलाच नाही. दोन जुन्या म्हशी होत्या, तिसरी या थंडीत आणली. पहिलारू, ठेंगणी, एक शिंग खाली वळलेलं, म्हणून नाव वाकडी. म्हाताऱ्याला दुसरीच एक उंचीपुरी म्हैस पसंत होती. भर बाजारात फटाकडी म्हणाली होती, "मामंजी, शिंगांतून दूध निघत नसतं. कास बघा." दलाल हसला होता. मालकाच्या गोठ्यात बसून तिनं दोन्ही वेळची धार डोळ्यांनी बघितली, बादली काठोकाठ भरलेली, आणि मगच वाकडीच्या दाव्याला हात घातला.

आणि इथं आल्यापासून वाकडी निम्मी बादलीसुद्धा देत नव्हती.

पिल्लू त्याच आठवड्यात आलेलं. गोठा घरापासून लांब, शेताच्या टोकाला. आधीचं कुत्रं म्हातारं होऊन मेलं, आणि महिन्याभरात एका पहाटे लांडग्यानं जुन्या म्हशीचं रेडकू दावणीतून ओढून नेलं. म्हातारा तिथंच बाजेवर झोपलेला होता. "तुमच्या घोरण्याला लांडगा भ्यायला नाही, मामंजी," फटाकडी म्हणाली, आणि रस्त्याकडेला कुडकुडत बसलेलं हे पिल्लू पदरात घालून घेऊन आली. कुत्रं गोठ्यातच वाढलं पाहिजे, जनावरांची आणि त्याची ओळख पटली पाहिजे, तरच ते राखण करील, हे तिचं म्हणणं.

"राखण करील!" म्हातारा आता म्हणाला. "दूधच नाही तर राखायचं काय? हे बघ सूनबाई, येत्या बाजाराला दलालाला बोलावतो. म्हैस त्याच्या टेम्पोत आणि कुत्रं पोत्यात. दोन्ही नग तुझ्याच पसंतीचे."

फटाकडी उठली. लुगड्यावरून दूध निथळत होतं. "म्हैस चांगली आहे, मामंजी."

"मग दूध कुठाय?"

"आणि पिल्लूपण चांगलं आहे. बाजारापर्यंत थांबा. धारेच्या वेळेला याचा ब्र निघणार नाही."

"कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं म्हणून सरळ होत नाही."

"शेपूट नाही, तोंड म्हणतेय मी."

म्हातारा काहीतरी पुटपुटत गेला. त्याचं पुटपुटणंही बांधापलीकडच्या माणसाला ऐकू जायचं.

घरी सासूनं सल्ला दिला, "एक दणका घाल पाठीत. गप बसतंय."

"आत्याबाई, मारलं की ते केकाटणार. केकाटलं की म्हैस बिथरणार. मग मला काय मिळालं?"

"तेही खरंच." सासू जरा थांबली आणि गुडघा चोळत म्हणाली, "मग तसंच ठेव. मारून गप बसवलेलं कुणाच्याच कामाचं राहत नाही."

फटाकडीनं आधी नुसतं बघितलं, की हे भुंकतं कशाला. कॅनचं झाकण वाजलं की भुंके. वाकडीचं रेडकू दाव्याला हिसका देई तेव्हा भुंके. डेअरीची गाडी वळणावर आली की भुंके. आणि सगळ्यात जास्त भुंके ते म्हातारा ओरडला की. बिचाऱ्या पिल्लाला वाटे, हे मोठं कुत्रं भुंकतंय, म्हणजे काहीतरी आलंय, आपणही साथ द्यावी.

मग दुपारी, धारेची वेळ नसताना, ती त्याला घेऊन रिकाम्या कॅनपाशी बसू लागली. झाकण हळूच वाजवायचं. ते भुंकलं तर भुंकू द्यायचं. भुंकता भुंकता श्वास घ्यायला थांबलं, की अगदी हलक्या आवाजात "गप" म्हणायचं आणि शिळ्या तुकड्याचा कण त्याच्या तोंडात द्यायचा. पहिल्या दिवशी तुकडे संपले, भुंकणं संपलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या ध्यानात आलं की या बाईच्या "गप" मध्ये काहीतरी खायचं असतं. तिसऱ्या दिवशी झाकण वाजलं आणि ते भुंकायच्या आधीच तिच्या हाताकडे बघायला लागलं.

"लबाड आहेस," ती त्याला म्हणाली. "पण माझ्यासारखाच आहेस, चालेल."

धारेच्या वेळी तिनं त्याला आधी पार दारापाशी ठेवलं, गोणपाटावर, चघळायला सुंभाचा तुकडा देऊन. तोंड उघडलं की न रागावता उचलायचं, बाहेर ठेवायचं, दार ओढून घ्यायचं. बाहेर कडाक्याची थंडी. वैरणीवर पांढरं दंव, वाऱ्याला सुरीची धार. आत जनावरांची ऊब. भोंग्याला दोन दिवसांत उमगलं की तोंड मिटलं तर ऊब, उघडलं तर गारठा. गप राहिला की ती गोणपाट हातभर पुढं सरकवायची. एके सकाळी बोटाला दुधाचा फेस लावून चाटवला, तर त्यानं एवढा मोठा सुस्कारा सोडला, की जुन्या म्हशीनं मान वळवून त्याच्याकडे बघितलं.

एकदा घात झाला. डेअरीच्या गाडीवाल्यानं दारात कॅन आपटला आणि भोंग्यानं सगळी शिकवण सोडून आभाळ डोक्यावर घेतलं. म्हातारा टपलेलाच होता. "ऐकलंस? ऐकलंस का? पोतं कुठाय?" फटाकडीनं बादली खाली ठेवली, पिल्लाला उचललं आणि म्हाताऱ्याच्या समोरून घेऊन गेली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते तिनं गोठ्यामागं जाऊन पुसलं. मग गाडीवाल्याला म्हणाली, "दादा, उद्यापासून कॅन हळू ठेव. तुझा नाही, माझा आहे." तो हसला, पण ठेवू लागला.

बाजाराचा आदला दिवस उजाडला. भोंग्या वाकडीपासून दोन हातांवर पडला होता, पुढच्या पायांवर हनुवटी ठेवून. रेडकू ढुशा देऊन बाजूला झालं. फटाकडीनं सडांना हात लावला आणि तिला जाणवलं, कास भरतेय. पहिली धार बादलीच्या तळाशी वाजली. दुसरी. मग दोन्ही हातांना लय सापडली. गाडीवाला आला, कॅन अलगद ठेवून दारात उभा राहिला. सासू कधी नव्हे ती काठी टेकत आलेली, तीही खांबाला धरून बघत होती. बादलीत फेस चढत होता. कुणी बोलत नव्हतं.

"काय गं, आला का पान्हा?"

म्हातारा दारातून गरजला. रागानं नव्हे, नुसतं विचारलं. पण त्याचं विचारणंही तसलंच.

वाकडीची कातडी थरथरली. मान वर झाली. फटाकडीच्या बोटांत सड एकाएकी पोकळ झाले, जसा कुणी आतून नळ बंद करावा. तिनं दोनदा ओढलं. थेंब नाही.

भोंग्यानं एक कान उचलला, फटाकडीकडे बघितलं, आणि पुन्हा हनुवटी टेकली.

गाडीवाला पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागला. सासूनं पदर तोंडाला लावला.

"आता काय झालं?" म्हातारा म्हणाला. "कुत्र्यानं?"

"कुत्रं तुमच्या समोर आहे, मामंजी," फटाकडी म्हणाली. "भुंकलं का ते?"

"मग म्हैसच खोडीची."

"तुम्ही येईपर्यंत अर्धी बादली भरली होती. या दादाला विचारा. चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतो आपण सगळे. मीसुद्धा. तिला पिल्लाचं भय नाही. तिला तुमच्या आवाजाचं भय आहे. पिल्लाला शिकवलं मी. आता तुम्ही शिका."



म्हाताऱ्याचा चेहरा तांबडालाल झाला. "माझ्या गोठ्यात? मला? चाळीस वर्षं गुरं राखली मी! या दोन जुन्या म्हशी काय बहिऱ्या आहेत?"

"त्या तुमच्या आवाजावरच वाढल्यात. ही नवी आहे."

"शब्द मागं घे."

"नाही घेणार."

"घराबाहेर काढीन!"

"काढा." तिनं बादली उचलून त्याच्या पायांशी ठेवली. "पण आधी धार पुरी करा. गोठा तुमचा, म्हैस तुमची. बसा."

म्हातारा हट्टाला पेटला. बसला. "ए, हल तिकडं!" म्हणून त्यानं वाकडीच्या मांडीवर थाप मारली. वाकडीनं शांतपणे पाय उचलला आणि बादली पार दावणीपर्यंत उडवली. मग शेपटीचा एक ओला फटकारा त्याच्या तोंडावर.

हसायचं कुणाला धाडस झालं नाही. म्हातारा उठला, तोंड पुसलं, आणि बायकोकडे बघितलं. तिनं आपली बाजू घ्यावी, अशी त्याची अपेक्षा असावी.

सासू म्हणाली, "ओढ्यापलीकडून हाका मारायची सवय तुम्हाला. ओढा कधीचा आटला, तुम्ही अजून पलीकडेच उभे आहात. तुमच्या आवाजानं घरात आपलं बाळ झोपायचं नाही, आठवतंय? मी तेव्हा बोलले नाही. ही बोलली."

म्हातारा निघून गेला. त्या रात्री फटाकडीनं वाढलेलं ताट त्यानं खाली मान घालून संपवलं. अंथरुणावर पडल्यावर ती विचार करत राहिली. नवरा असता तर काय म्हणाला असता? बहुतेक म्हणाला असता, जाऊ दे, सोड. म्हणून तिनं त्याला फोन केला नाही. सोडायचं नव्हतंच तिला. उद्या टेम्पो आला तर दाव्याला धरून आडवी होईन, एवढं ठरवूनच ती झोपली.

बाजाराची पहाट धुक्यात बुडाली होती. ती गोठ्यात शिरली तेव्हा म्हातारा बाहेरच्या दगडावर घोंगडी पांघरून बसला होता. तिनं बघितलं, त्यानं नजर वळवली. खोकला आला तर तोंडावर घोंगडी दाबून खोकला.

ती धारेला बसली. भोंग्या आपल्या जागेवर. वाकडीनं एकदा दाराकडे बघितलं, वाट पाहिल्यासारखं. आवाज आला नाही. मग तिनं लांब श्वास सोडला आणि पान्हा सोडला. बादली अर्धी झाली, पाऊण झाली, फेस काठाला लागला.

तेवढ्यात वळणावर टेम्पो आला. हॉर्नवर हॉर्न. दलालाची मूर्ती खाली उतरली, "कुठाय वो म्हैस?" म्हणत.

फटाकडीचे हात थांबले. पण बाहेर घोंगडी फडफडली, आणि म्हातारा दोन्ही हात हलवत टेम्पोसमोर धावला.

"शू! गप! गप की रं!" त्याला हळू बोलणं माहीतच नव्हतं. घसा आवळून कसंबसं निघत होतं. "धार चाललीय आत!"

"आं? मग म्हैस न्यायची ना?"

"कोण म्हणालं?"

"तुम्हीच निरोप दिला होता!"

"दिला असेल. हॉर्न वाजवून म्हशीला बिथरवणाऱ्याला मी जनावर देत नसतो. चल, फीर माघारी."

दलाल तोंडात बोट घालून उभा राहिला. फटाकडी बादली दोन्ही हातांनी धरून बाहेर आली. काठोकाठ. म्हाताऱ्यानं बादलीत वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"घराबाहेर काढीन म्हणालो, ते रागात," तो म्हणाला. "पण सासऱ्याला तसं बोलायचं नसतं."

"म्हशीला तसं ओरडायचं नसतं," फटाकडी म्हणाली, आणि बादली कॅनमध्ये रिकामी करायला गेली.

दलालानं चिडून टेम्पो सुरू केला आणि जाता जाता मुद्दाम लांबलचक हॉर्न वाजवला. भोंग्या गोठ्यातून बाहेर पडला. अंगणात येऊन त्यानं फटाकडीकडे बघितलं. तिच्या दोन्ही हातांत कॅन होता, आणि धार तर संपली होती. तिनं "गप" म्हटलं नाही.

मग तो असा भुंकत सुटला, की धुकं फाटावं. टेम्पोच्या चाकामागं, धूळ उडवत, बांध ओलांडून, वळणापर्यंत. आणि त्याच्या मागून म्हातारा, पहाटेपासून कोंडलेला सगळा आवाज एकदम मोकळा करत, "धर! धर त्याला, भोंग्या! वळणापलीकडं घालव!"