नंदीची झडती

बाभूळखेडात त्या दिवशी घरोघरी कुलपं लागली होती आणि सगळं गाव मारुतीच्या पारापुढे लोटलं होतं. मधोमध पांढरीशुभ्र मोटार उभी. कपाळाला गंध, दोन्ही आरशांना घुंगरमाळा आणि बॉनेटवर पितळी पत्र्याची दोन शिंगं. तिच्यासमोर मोरपिसांचा भलामोठा कुंचा छातीशी धरून नंदीकेश्वर महाराज उभे.

"ना इंजिनाचा आवाज, ना धूर, ना पेट्रोलचा थेंब!" महाराज गरजले. "भक्तहो, हे यंत्र नव्हे. हा साक्षात कैलासीचा नंदी! कलियुगाचे रस्ते पाहून पायांऐवजी चाकं लावून आलाय, एवढंच. ज्याची इच्छा शुद्ध, त्याच्यापुढे तो नमेल."

छकुलीबाईंनी नारळ ठेवला. "माही म्हैस गाभण राहू दे, बाप्पा."

महाराजांनी कुंचा हलवला. फुस्स! मोटार हळूहळू खाली बसली, ती थेट जमिनीला टेकल्यासारखी. बायकांनी हात जोडले. मग घुर्रर्र असा बारीक आवाज करत नंदी पुन्हा उभा राहिला. "ऐका! हा त्याचा ओंकार!" असं महाराजांनी म्हणताच दहाबारा जणांनी बॉनेटला कान लावले. रामराव तर कान लावून डोळे मिटून इतका वेळ बसला, की त्याला डुलकी लागली की समाधी, हे कुणाला कळेना.

गर्दीच्या मागे गोविंदा उभा होता. उंद्री फाट्यावर त्याचं पंक्चरचं दुकान. बावीस वर्षं हवेत घालवलेला माणूस. फुस्स ऐकताच त्याचे कान टवकारले. हा निःश्वास कैलासावरचा नव्हता, हा आवाज तो दिवसातून वीस वेळा ऐकत होता. आणि आणखी एक गोष्ट त्याच्या लक्षात आली. चार नमनं झाली की महाराज हटकून म्हणत, "नंदी ध्यानाला बसला." मग दहा मिनिटं खालून घुर्रर्र चाले. गोविंदाच्या कॉम्प्रेसरची टाकी रिकामी झाली की तोही अगदी असंच ध्यान करायचा.

गावात महाराजांची हवा झाली होती आणि ती हवा नेमकी कुठे भरलीय, हे गोविंदाला कळून चुकलं होतं. पण उघड बोलायची सोय नव्हती, कारण नंदी त्याच्या स्वतःच्या घरात शिरला होता.

त्याचं असं झालं. गोविंदाच्या लेकीला, अर्पिताला, अमरावतीला इलेक्ट्रिकलच्या डिप्लोमाला नंबर लागला होता. पोळ्यानंतर तिसऱ्या दिवशी हजर व्हायची शेवटची तारीख. घरात शब्द चालायचा तो गोविंदाच्या बापाचा, म्हाताऱ्या कारभारीचा, आणि म्हातारा म्हणाला, "आधी नंदीले पुसू." अर्पिता मुकाट्याने नारळ घेऊन गेली, पण स्वभावाला औषध नाही. तिनं सगळ्यांदेखत विचारलं, "महाराज, नंबराची पाटी तं हिरवी दिसून राह्यली. म्हंजे गाडी बॅटरीची. मंग नंदीची चार्जिंग कुठी करता?"

"हिरवा तो नंदीचा चारा!" महाराज हसले, पण डोळे हसले नाहीत. कुंचा हलला, नंदी मात्र तसूभर हलला नाही. "या मुलीनं गावाची वेस ओलांडली तर घराचं सुख वेशीबाहेर जाईल!"

तेव्हापासून अर्पिताची भरलेली बॅग खाटेखाली पडून होती. आणि गोविंदाला आपली लाज वाटत होती, कारण दुसऱ्यांच्या ट्रकांना वाटेला लावणारा हा माणूस आपल्या लेकीला बसमध्ये बसवू शकत नव्हता.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळता चोळता त्यानं विषय काढलाच. "बाबा, त्या गाडीले स्प्रिंगा नाई. चारी चाकाजवळ रबराच्या पिशव्या हायेत. हवा सोडली का खाली, भरली का वर. शहरातले शौकीन पोट्टे मुद्दाम बसवून घेतात, गाडी जमिनीले टेकलेली दिसावी म्हून."

"तू हवा भरनारा," कारभारी म्हणाला, "तुले समदीकडं हवाच दिसते. अबे, म्या शंकरपटाचे, शर्यतीचे बैल शिकवले. माहा ढवळ्या गुडघे टेकत होता, पन माह्या हाती कासरा होता. एक झटका देल्ला का खाली. इथं सांग, कासरा कुठी हाय? महाराज तं हातही लावत नाई. बिगरकासऱ्याचं जनावर नमलं, म्हंजे देवच!"

म्हातारा चुकत होता, पण मुद्दा बिनतोड होता. आपल्याला हवा सापडली, आता कासरा सापडायला हवा, एवढंच गोविंदाच्या मनात राहिलं.

पोळा आला. तोरणाखाली झुली घातलेले बैल ओळीनं उभे राहिले आणि सगळ्यांच्या पुढे, मानाच्या जागी, महाराजांचा नंदी. गोविंदा बादली घेऊन पुढे झाला. कोकिळेनं, त्याच्या बायकोनं, सकाळपासून रिठे भिजवून पाणी घुसळून ठेवलं होतं.

"महाराज, पोळ्याले नंदीचे पाय धुवाचे हायेत."

"नको नको! नंदी शुद्धच आहे."

"काऊन नको?" कारभारीच कडाडला. "बैलाचे पाय धुतल्याबिगर पोळा होते काय? कोन्या गावचा रिवाज हाय हा?"

गावानं माना डोलावल्या. महाराजांना नाही म्हणता येईना. नंदी म्हटलं की नंदीचं सगळंच अंगाला येतं. गोविंदानं चारी चाकांवर पाणी ओतलं आणि मागच्या डाव्या चाकाच्या आत, जिथून फुस्स येत असे, तिथे हातानं भरपूर फेस थापला. ट्यूबचं भोक डोळ्यांना दिसत नाही. फेस लावा, बुडबुडा आपण होऊन पत्ता सांगतो.

"आता पूजेचं नमन होऊ द्या," त्यानं हात जोडले.

कुंचा हलला. फुस्स! आणि चाकामागून फेसाचा असा फवारा उडाला, की महाराजांचं धोतर गुडघ्यापर्यंत पांढरं झालं. बुडबुडे तरंगत बैलांच्या शिंगांवर जाऊन बसले. पोरं टाळ्या पिटत ओरडली, "नंदी पंक्चर! नंदी पंक्चर!"

कारभारी वाकून बघत राहिला. "पोटात हवा धरली वाटते," तो पुटपुटला, पण आवाजात पहिल्यासारखा जोर नव्हता.

महाराजांनी प्रसंग सावरला. "हे गंगेचे तुषार आहेत! कैलासावर माझं बालपण बैलांतच गेलं..."

"वा!" मागून सहदेव ओरडला. पोळ्यात तो नेहमीच पुढे. "मंग महाराजांपासूनच सुरू करू. महाराज, झडती द्या!"

"हाव हाव, झडती! महाराजांची झडती!" सगळं गाव ओरडलं.

आता पोळ्यात तोरणाखाली जी गमतीची गाणी खड्या आवाजात म्हणतात, त्यांना वऱ्हाडात झडती म्हणतात, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पण कैलासावर बैलांत वाढलेल्या महाराजांना ते ठाऊक नव्हतं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"झडती? कसली झडती? पोलिसांशिवाय झडती घेता येत नाही! माझ्याकडे काही नाही, कुंच्यात काही नाही!"

कुंच्याला कुणी काही म्हटलंच नव्हतं. महाराजांनी तो दोन्ही हातांनी छातीशी इतका घट्ट आवळला, की नंदी आपोआप नमायला लागला. उठला, बसला, उठला, बसला. समोर ना नारळ होता ना भक्त. होती फक्त राखीकाकूंची शेळी, पूजेचं निंबाचं तोरण चघळत. तिच्यापुढे नंदीनं चार वेळा लोटांगण घातलं आणि मग तो ध्यानाला बसला.

पार दणाणून गेला. हसून हसून रामरावाचा फेटा सुटला. कारभारी तेवढा हसत नव्हता. तो काठी टेकत महाराजांपर्यंत गेला आणि शिकवल्या बैलाच्या तोंडातून कणीस काढावं, तसा कुंचा त्यांच्या मुठीतून काढून घेतला. पिसं बाजूला सारली. मुठीत कळ होती, अंगठ्याखाली बरोबर येईल अशी.

"गोविंदा," तो हळूच म्हणाला, "कासरा सापडला बे."

त्यानं कुंचा अर्पिताच्या हाती दिला. तिनं घुर्रर्र थांबून नंदी उभा राहीपर्यंत वाट पाहिली, मग कळ दाबली. ज्या नंदीनं तिला नकार दिला होता, तो तिच्यासमोर खाली बसला.

"आबा, हा देव बी नाई अन् भूत बी नाई," अर्पिता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "कळ दाबली का बिनतारी इशारा जाते, झडप उघडते, हवा निंगते. टाकीतली हवा संपली का पंप भरत राह्यते, तोच तुमचा ओंकार. गाडी बॅटरीची, म्हून आवाज नाई. गाडी वाईट नाई हो, लई हुशार हाय. तिच्या नावानं आपल्याले येडं बनवनारा वाईट. आता कोनी चमत्कार दाखवला, तं हात जोडाच्या आधी त्याचा हात पाहा. अन् पुसाले लाजू नका. म्या पुसलं म्हून तं मले नकार भेटला होता!"

महाराज एव्हाना बैलांच्या आडून सटकायला बघत होते, पण सहदेवनं त्यांना अदबीनं खुर्ची दिली आणि जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार द्यायला पोलिसांना फोन लावला. तोवर राहिलेली झडती कारभारीनंच दिली, कानावर हात ठेवून:

"हवा होती पोटात, कळ होती मुठीत,
आमी अक्कल ठिवली होती कुलूपबंद पेटीत!
नंदी म्हने, लेकाहो, हात जोडता कायले?
कासरा कोनाच्या हाती, थे पुसा ना पैले!
एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!"

दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्यावर अमरावतीची बस लागली. गोविंदानं बॅग वर चढवली. कोकिळेनं डब्यात उरलेल्या पुरणपोळ्या दिल्या आणि चार वेळा डोळे पुसले. कारभारी खिडकीशी आला.

"पोरी, म्या नंदीचा कासरा हुडकत बसलो होतो," तो म्हणाला, "अन् तुहा कासरा माह्याच मुठीत होता, हे मले दिसलंच नाई. घे, सोडला."

त्यानं मूठ उघडून दाखवली. अर्पितानं खिडकीतून हात काढून तो रिकामा तळवा घट्ट धरला, आणि कंडक्टरनं दोनदा घंटी मारेपर्यंत सोडला नाही.