दिनानाथांची पिवळी अक्षरं

मित्रांनो, मी एक जुना टर्मिनल प्रोग्राम आहे. मला ना चाक, ना दांडा. रोह्याच्या एका कारखान्याच्या ऑफिसातल्या संगणकात मी राहत असे. टेलिफोनच्या तारेवरून मुंबईच्या मोठ्या संगणकाला जोडून द्यायचं, इथे टाइप केलेलं तिथे पोचवायचं, एवढंच माझं काम. १९९६ साली त्याचंही केवढं कौतुक! साहेब पाहुण्यांना मला मोठ्या ऐटीत दाखवत. कळ मात्र मला चालवणाऱ्या दिनानाथांना दाबायला लावत.

दिनानाथ हमरापूरचे, गणपती रंगवणाऱ्या घरातले. मी आलो तेव्हा माझी अक्षरं मुंगीएवढी आणि करडी होती. त्यांनी खटपट करून ती मोठी केली, काळ्यावर हळदीसारखी पिवळी केली. मुंबईला जोडायची लांबलचक आज्ञा एकाच कळीत बसवली. लोकांना वाटे, हौस! पण खोलीत कुणी नसलं की ते काचेला नाक लावत. नजर अधू होत होती. साहेबांना कळलं तर खुर्ची जाऊन गोदामात पोती उचलायची पाळी आली असती, आणि पाठ तर आधीच गेलेली.

दसऱ्याला कारखान्यात यंत्रांची पूजा. आदल्या दिवशी ऑफिसातल्याच, पेणच्या वृंदाबाईंनी संगणकाची धूळ पुसली आणि त्याच उत्साहात मलाही साफ केलं. सगळं मूळच्यासारखं, अक्षरं पुन्हा मुंगीएवढी आणि करडी.

सण झाल्यावर दिनानाथ येऊन बसले, ते बसूनच राहिले.

“बाई, माझी अक्षरं कुठं हायत?”

“काढली! जत्रेतल्या पाटीसारखी बटबटीत होती हो.”

“मला हे नाय दिसत.”

साहेब नेमके दारात उभे. “दिसत नाही म्हणजे? वरची ओळ वाचा बघू.”

दिनानाथांनी अंदाजाने वाचली. चुकली.

साहेब गेल्यावर वृंदाबाई रडवेल्या झाल्या. “मला सांगायचं तरी!”

“तुम्हाला सांगितलं असतं, तर चहा येईपर्यंत सगळ्या कंपनीला कळलं असतं, बाई.”

दुपारी त्यांच्या बदलीचा मजकूर मुंबईला गेला. टाइप केला वृंदाबाईंनी, पोचवला मी. मला नाही म्हणता येत नाही.

मित्रांनो, दुसऱ्याची जागा आवरायला घ्याल तेव्हा आधी त्याला हाक मारा. वृंदाबाईंनी नंतर माझी अक्षरं मोठी केली, पण तो पिवळा काही जमेना. विचारायला त्या गोदामापर्यंत गेल्या. पोत्याखाली वाकलेले दिनानाथ दिसले, आणि त्या दारातूनच परतल्या.