अर्धी करवत

माझं बोलणं मध्येच तुटलं तर सांभाळून घ्या. मी अर्धी करवत आहे.

जन्मले तेव्हा मी पुरुषभर लांब होते. लोहाराने मला ठोकून सरळ केलं, दात पाडले आणि दोन्ही टोकांना लाकडी मुठी बसवल्या. एकट्या माणसाच्या मी कधीच कामाची नव्हते. मला दोघे लागत, आणि तेही एकमेकांचा श्वास ओळखणारे.

मला तसेच मिळाले. सख्खे भाऊ. त्यांची लाकूड कापायची शेड होती. उंच घोडीवर ओंडका चढवायचा, थोरल्याने वर उभं राहून आखलेली रेघ सांभाळायची, धाकट्याने खाली उभं राहायचं. वरचा वर ओढी, खालचा खाली ओढी. ढकलायचं मात्र कुणीच नाही. आपण ओढावं आणि दुसऱ्याची पाळी आली की हात सैल सोडावा. ढकललं की पातं वाकतं आणि रेघ सुटते.

भुसा सगळा धाकट्याच्या डोक्यावर पडे. संध्याकाळी त्याच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असत. थोरला म्हणे, "काय म्हातारबा, येताय ना घरी?"

थोरल्याची मुलगी शिक्षिका व्हायच्या परीक्षेला बसणार होती. दोघे तिला आधीपासूनच मास्तरीण म्हणत. दुपारी ती शेडमध्ये येऊन मोठ्याने अभ्यास करी. एकदा इंग्रजीतल्या भांडणाच्या वाक्प्रचारांचा धडा निघाला.

"काका, इंग्रजीत दोघांचं जुंपलं की त्यांनी शिंगं अडकवली म्हणतात. वाद घातला की तलवारी भिडवल्या. आणि उगाच बारीकसारीक गोष्टीवर अडून बसलं की केस चिरला."

"केस? कुठल्या करवतीने?" धाकट्याने खालून विचारलं.

"आणि जुना राग बोलून दाखवायचा असेल तर म्हणायचं, तुझ्याबरोबर एक हाड सोलायचंय मला."

"भांडायला केवढं सामान लागतं त्यांना. आपलं नुसत्या तोंडावर भागतं."

"मिटवायचं कसं, ते सांग," थोरला म्हणाला.

"कुऱ्हाड पुरायची."

"चांगली कुऱ्हाड? गंजेल की ती."

"नाहीतर अर्ध्या वाटेवर भेटायचं. थोडं याने यायचं, थोडं त्याने."

"हे बरंय," धाकटा म्हणाला. "पण दादा कसला येतोय खाली."

दोघे इतके हसले की मला लाकडात तसंच अडकून राहावं लागलं.

मग दारं बनवणाऱ्या सुताराचं काम आलं. जाड, जुना ओंडका. त्याच्या पोटात एक गाठ होती. बाहेरून दिसत नव्हती. मला ती लागली आणि दगडावर पाय सरकावा तशी मी बाजूला सरकले. फळी एका टोकाला जाड झाली, दुसऱ्या टोकाला पातळ. सुताराने ती चारचौघांत परत आणून टाकली. "नवशिके ठेवलेत का कामाला?" एवढंच म्हणाला आणि गेला.

"खालून ढकललंस तू," थोरला म्हणाला.

"मी? रेघ कोण बघत होतं?"

"हात तुझा जड आहे. पहिल्यापासून."

"जन्मभर तुझा भुसा खाल्ला मी, दादा."

"म्हणून तर जेवायला मिळालं."

हे वाक्य तोंडातून गेल्यावर थोरल्याचा चेहरा उतरला. पण माघार घेतली नाही त्याने. धाकट्याने अंगावरचा भुसा झटकला आणि तो निघून गेला. फळी चुलीत गेली, गाठही तिच्याबरोबर जळाली. दोष कुणाचाच नव्हता, हे मला एकटीला ठाऊक होतं. पण मला दात आहेत, जीभ नाही.

वाटण्या झाल्या. घोड्या, दोर, कानशी, सगळं निम्मं निम्मं. शेवटी मी उरले.

"तू घे," थोरला म्हणाला.

"उपकार नकोत. तूच ठेव."

"तुझे मला हवेत का?"

शेवटी मला लोहाराकडे नेलं. तो म्हणाला, "अरे, शुद्धीवर आहात का? अर्ध्या करवतीने काकडी कापणार?" दोघांनी मला ऐरणीवर धरलं. मग त्याने छिन्नी लावली. मास्तरीण धावत आली तेव्हा माझे दोन तुकडे जमिनीवर पडले होते.

"अर्ध्या वाटेवर भेटायचं म्हणाले होते मी," ती म्हणाली. "करवत अर्धी करा नव्हते म्हणाले."

दोघांनी आपापला तुकडा उचलला आणि ते वेगवेगळ्या वाटांनी गेले.

मी थोरल्याच्या खोलीत खिळ्यावर लटकले. शेड बंद पडली. थोरला माझ्याकडे पाठ करून बसायचा, पण अधूनमधून उठून मला तेलाचं बोट लावायचा. धाकटा दुसऱ्याच्या वखारीत ओझी उचलतो, असं कानावर आलं. तिथेही कुणाबरोबर करवत धरायला तो तयार नव्हता.

बरीच वर्षं गेली. एके दिवशी थोरल्याला झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. मास्तरणीने काकाला बोलावलं. तो आला, उंबऱ्यात थांबला, मग खाटेशी बसला.

"दादा, मीच ढकललं होतं," तो म्हणाला.

थोरल्याने नाही म्हणून मान हलवली. डावा हात उचलून स्वतःच्या छातीवर ठेवला.

"नाही रे, मीच. माझाच हात जड."

थोरल्याने पुन्हा छातीवर हात आपटला. या खेपेला चिडून. धाकटाही हट्टाला पेटला. "अरे, मी सांगतोय ना."

"आता यावरून भांडू नका," मास्तरीण म्हणाली. तिला रडू आवरत नव्हतं.

थोरला अर्ध्या चेहऱ्याने हसला. धाकटा हसला नाही. त्याने भावाचा डावा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. त्यानंतर थोरला फार दिवस राहिला नाही.

आता मी धाकट्याच्या घरी आहे. तेलकट फडक्यात माझ्या दुसऱ्या तुकड्याशेजारी. तो तुकडा फार गंजलाय. इतकी वर्षं त्याला कुणी हात लावला नव्हता, रागाने की जीव धजावला नाही म्हणून, ते मी विचारलं नाही. लोहार म्हणतो, जोड दिला तरी पहिल्या ओढीला तुटेल. भट्टीत घातलं तर मात्र दोन चांगल्या विळ्या होतील.

धाकट्याने अजून काही ठरवलेलं नाही. त्याला माझं एवढंच सांगणं आहे. भट्टीत घालायचं तर घाल, बाबा. खुरपं कर, कुदळ कर, दाराची कडी कर. पण दोन वस्तू करू नकोस. दोघांची मिळून एकच कर.