शेंग आधी कुठून उलते

प्रयोगशाळेत तिला सगळे कॅमेरावाली म्हणत आणि तिलाही ते आवडायचं. तिच्या ताब्यातला कॅमेरा सेकंदाला दहा हजार चित्रं टिपायचा. दिसायला मात्र काळा चौकोनी डबा. धरायला मूठसुद्धा नाही. लेन्स, दिवा, पडदा, जे हवं ते बाहेरून जोडायचं.

त्या आठवड्यात त्याच्यासमोर होती एक शेंग. पडीक जागेत उगवणाऱ्या झुडपाची, करंगळीएवढी. वाळली की ताडकन फुटायची आणि बिया चार हात लांब फेकायची. वनस्पतीशास्त्राच्या बाई तीस वर्षं तिच्या मागे लागल्या होत्या. शेंग देठाकडून उलते, असं त्यांचं ठाम मत. वरच्या मजल्यावरचे सर म्हणायचे, टोकाकडून. दोघांनी एकमेकांना खोडून काढणारे लेख लिहिले होते, पण डोळ्यांनी कुणीच काही पाहिलं नव्हतं. महिनाअखेरीला बाई निवृत्त होणार होत्या.

"एकदा बघून जाऊ दे गं मला," त्या म्हणाल्या.

पण चित्र जमेना. लेन्स हातभर लांब आणि जड. कॅमेऱ्याच्या तोंडाशी बसवली की पुढून वाकायची. म्हणून कॅमेरावालीने कॅमेऱ्याखाली पट्टी बसवली, तिच्यातून पुढे दोन दांडे काढले आणि त्यांच्यावर लेन्सला खालून टेकू दिला. टेकूचा स्क्रू जीव खाऊन पिळला. लेन्स हलायची थांबली, पण आता चित्राची एक कड धूसर येऊ लागली. चार शेंगा फुकट गेल्या.

संध्याकाळी घरी कपड्यांच्या घड्या घालताना तिने सासऱ्यांना सगळं सांगितलं. ते जन्मभर कारखान्यात फिटर होते.

"टेकू किती घट्ट केलास?"

"होता नव्हता तेवढा जोर लावला, बाबा."

"मग तो टेकू कसला? तू तिला वर ढकलतेयस. मान तिरकी झाल्यावर ती सरळ बघेल कशी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतःच प्रयोगशाळेत आले. हात मागे बांधून त्यांनी कॅमेऱ्याभोवती एक फेरी मारली. "बाकी ऐट आहे हं तुमच्या यंत्राची," बाईंना म्हणाले. मग टेकू पूर्ण सैल करायला लावला आणि कागदाची एक पट्टी मागितली.

"लेन्स तळहातावर सरळ धर. आता टेकू हळूहळू वर आण. मध्ये हा कागद राहू दे. ओढला की जरा कुरकुरत निघाला पाहिजे. अडकायला नको आणि अलगद सुटायलाही नको."

तिने तसंच केलं. तिसऱ्या खेपेला कागद कुरकुरला.

"आणि हा दिवा कॅमेऱ्याच्या डोक्यावर कशाला?"

तेवढं मात्र तिच्याही मनात होतंच. तिने दिवा उतरवून वेगळ्या स्टँडवर, जरा लांब लावला. आता कॅमेऱ्यावर भार नाही आणि शेंगेला अवेळी ऊबही नाही.

मग वाट पाहणं आलं. कॅमेरा सतत टिपत राहायचा. बटण दाबलं की सरलेले दोन सेकंद जपून ठेवायचा. बाई बटणावर बोट ठेवून बसल्या. सासरे खुर्चीत पेंगले. दुपारी ताडकन आवाज झाला. बाई दचकल्या, पण बोट दाबलं गेलं होतं.

पडद्यावर शेंगेवरची एकेक लवसुद्धा सुटी दिसत होती. कडेपासून कडेपर्यंत चित्र स्वच्छ. शेंग थरथरली आणि टोकाशी एक बारीक फट पडली. ती सावकाश देठाकडे सरकत गेली.

कॅमेरावालीला वाटलं, आपण हे टिपलं नसतं तर बरं झालं असतं.

"परत लाव," बाई म्हणाल्या. त्यांनी ते तीनदा पाहिलं. मग आणखी दोन शेंगा लावायला सांगितल्या. पाच वाजेपर्यंत त्याही फुटल्या, दोन्ही टोकाकडूनच.

"किती देखणं आहे गं हे," बाई हळूच म्हणाल्या आणि डोळे पुसता पुसता हसायला लागल्या. "आणि मी तीस वर्षं भलत्याच टोकाला धरून बसले होते!"

त्यांनी स्वतः वर फोन लावला. "सर, तुमचंच खरं निघालं. खाली या, दाखवते."

सर जिना उतरून धापा टाकत आले. त्यांनी तिन्ही शेंगा फुटताना पाहिल्या.

"खरं सांगू का बाई," ते अखेर म्हणाले, "माझाही अंदाजच होता हो."

बाईंनी शेजारची खुर्ची त्यांच्याकडे सरकवली, आणि कॅमेरावालीने चित्र पुन्हा पहिल्यापासून लावलं.