ससाण्याची नजर

हे लिहिणारच नव्हतो. टाईप केलं, पुसलं, परत टाईप केलं, परत पुसलं. शेवटी इवोनेलाच विचारलं. तो म्हणाला, "लिही की! माझं नाव खरं टाक, डॉक्टर बाईंचं तेवढं बदल." म्हणून बसलोय.

इवोने मार्किओरेत्तो इटलीत, बासानोच्या वरच्या डोंगरात घरोघरचे बॉयलर दुरुस्त करतो आणि जमेल तेव्हा रॅली चालवतो. मी मिर्को, त्याच्या शेजारी बसून वळणं वाचतो. वयाने तो माझ्या बापाएवढा, पण एका गाडीत पट्टे बांधून बसलेल्यांत अहो-जाहो चालत नाही. दरीत गेलो तर सोबतच जाणार.

त्याची कारकीर्द सुरू झाली मामाच्या फियाटमध्ये, मामाला न विचारता. पहिल्याच रॅलीत तो एका बाईच्या भाजीच्या वाफ्यात घुसला. त्या बाईशीच, लुइजीनाशी, पुढे लग्न केलं. तो म्हणतो, "तिने नुकसानभरपाई म्हणून मला ठेवून घेतलं." लुइजीना म्हणते, "भाजी परवडली असती." त्याच्याकडे काही कप आहेत. त्यातला एक बाकीच्यांच्या गाड्या बंद पडल्या म्हणून मिळालेला. एकदा तो सान रेमोच्या मोठ्या रॅलीलाही गेला होता. तिथे काय झालं विचारलं की हवामानावर बोलायला लागतो. पण एका वर्षी आमच्या डोंगरात असं धुकं पडलं की सगळे गोगलगाईसारखे चालले होते, आणि हा पठ्ठ्या त्यातून भन्नाट सुटला. तेव्हापासून तो 'ससाणा'. गाडीच्या दारावर तसं रंगवलंय. आमच्या बारमध्ये त्याच्या नावाने भुसा भरलेला एक ससाणासुद्धा आहे, एका पंखाचा.

रॅलीआधी सगळे जण साध्या गाडीने हळूहळू रस्ता बघून घेतात. ड्रायव्हर वळणं बोलत जातो, शेजारचा लिहितो. रॅलीत मग तेच मोठ्याने वाचायचं. या वर्षी असंच चाललो होतो, तर इवोनेने काच खाली केली आणि हात हलवला.

"नमस्कार, फादर सिल्वानो!"

मी बघितलं. कडेला प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला चाऱ्याचा गठ्ठा होता.

"इवोने, ते फादर नाहीत."

"मग कोण?"

"चारा."

तो म्हणाला, "तरीच म्हटलं, फार सुटलेत."

मी वही मिटली. "खरं सांग, तुला दिसतं किती?"

"रस्ता दिसतो की."

"आणि रस्त्यावरचं?"

"ते तू सांगतोस ना!"

म्हणजे हा माणूस डोळ्यांनी नाही, कानांनी गाडी चालवत होता. धुक्यातही, उन्हातही. त्याला फरकच पडत नव्हता!

"चष्मा घे," मी म्हणालो.

"ससाणा चष्मा घालतो? कुठे बघितलास?"

"मग तपासणीत काय करणार आहेस?"

आता तो खरंच घाबरला. आमचं रॅलीचं लायसन्स डॉक्टरच्या सहीशिवाय पुढे चालत नाही, आणि तपासणी तोंडावर आली होती. "मिर्को," तो म्हणाला, "लायसन्स गेलं तर मी नुसता बॉयलरवाला उरेन रे."

मग मी जे केलं ते शहाणपणाचं नव्हतं. तपासणी मलाही लागते. मी माझा नंबर आधी लावला. डॉक्टर पेरुफ्फो बाईंकडे भिंतीवर तक्ता होता, तीन दातांच्या काट्यासारख्या खुणांचा. काट्याचं तोंड वर, खाली, डावीकडे की उजवीकडे, एवढंच सांगायचं. वर-खाली, डावं-उजवं! हे तर आमचं रोजचं काम. पूर्ण तक्ता पाठ करून बाहेर आलो आणि पार्किंगमध्ये इवोनेला शिकवायला बसलो. मी पेनाने डॅशबोर्डवर एकेक खूण दाखवायचो आणि रॅलीच्या सुरात वाचायचो. त्याने दोन-चार वेळा ऐकलं आणि घडाघडा म्हणायला लागला. माणूस ऐकण्यात तयार!

त्याचा कोट धरायच्या निमित्ताने मीही आत घुसलो. बाईंनी त्याचा एक डोळा झाकला आणि पहिल्या खुणेवर काठी ठेवली. तोंड डावीकडे होतं.

"वर!" इवोने ओरडला. हेल्मेट घातल्यासारखा.

"नीट बघून सांगा," बाई म्हणाल्या आणि पुढच्या खुणेवर गेल्या. तिचं तोंड वर.

"उजवीकडे!"

तिसरी. तोंड उजवीकडे.

"खाली!"

काय झालं ते तेव्हा कळलं. गाडी एका वळणात असते तेव्हा मी पुढचं वळण वाचत असतो. आहोत तेच वाचलं तर झाडावर आदळू. पार्किंगमध्येही पेन एका खुणेवर आणि माझी जीभ पुढच्या खुणेवर. सवय! त्याचा कानही तसाच, म्हणून दोघांनाही काही खटकलं नाही.

बाई शांतपणे शेवटच्या खुणेपर्यंत गेल्या.

"संपलं! ब्रेक!" इवोने म्हणाला. टप्पा संपला की मी हेच वाचतो.

बाईंनी काठी खाली ठेवली. "सिन्योर मार्किओरेत्तो, मी दाखवलेलं तुम्हाला काहीच दिसत नाही. न दाखवलेलं मात्र एकदम स्वच्छ दिसतं." मग माझ्याकडे वळल्या. "आणि हे वाचून कोणी दिलं? आमचं घर रॅलीच्या रस्त्यावर, वळणावरच आहे, बरं का. लहानपणापासून तुमच्या या गाड्या बघतेय मी."

मी कोटाकडे बघत राहिलो. त्या इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. पण सोडलं नाही. त्याच्या नाकावर भिंगं चढवली, एक बदललं, दुसरं बदललं, आणि इवोने एकाएकी खुर्चीत पुढे सरकला. मग त्याने एकेक खूण बरोबर सांगितली. तक्त्याच्या तळाशी छापखान्याचं बारीक नावसुद्धा वाचलं.

बाईंनी सही केली आणि खाली लिहिलं: चष्मा सक्तीचा. "त्याच्याशिवाय गाडीत दिसलात तर मीच लाल झेंडा घेऊन रस्त्यात उभी राहीन."

बारमध्ये व्हायचं ते झालं. "ससाण्याला खिडक्या बसवल्या!" एकाने भुसा भरलेल्या पक्ष्यालाही चष्मा घातला.

रॅलीत पहिल्याच टप्प्यावर दरीच्या कडेने वर चढायचं होतं. मी वाचत होतो आणि गाडी हळू होत होती.

"इवोने, जोरात! हे वळण सोपं आहे!"

"मिर्को, ही दरी कधी झाली?"

"आधीपासूनच आहे."

"एवढी?"

"एवढीच."

आमच्या मागून सुटलेल्यांनी आम्हाला गाठलं. वर पोचल्यावर त्याने हेल्मेट काढलं.

"इथून मी पाचव्या गिअरमध्ये जायचो."

"माहितीये. शेजारी मीच होतो."

"आणि तू ती दरी बघायचास?"

"छे. मी वही बघायचो."

तो हसला नाही. पुढच्या टप्प्यासाठी गाड्यांची रांग लागली होती. त्याने चष्म्याला हात घातला. "हा काढतो. नाहीतर घरी जाऊ. लुइजीनाला सांगू, गाडी बिघडली."

मी मनगट धरलं. "काढलास तर मी उतरतो."

"घातला तर मला सगळं दिसतं रे!"

"मग हळू चालव."

"शेवटचे येऊ."

"येऊ."

"आणि तू? मारोस्तिका गावच्या त्या पोराने तुला शेजारी बसायला मागितलंय ना? जोरात चालवतो म्हणे."

मागितलं होतं. त्याच सकाळी. मी अजून उत्तर दिलं नव्हतं. पुढची गाडी सुटली आणि गाड्या सोडणाऱ्या माणसाने आम्हाला हात केला.

"ऐक," मी म्हणालो, "तुझ्या नाकावर हा चष्मा आहे तोवर मी दुसऱ्या कोणाच्या शेजारी बसणार नाही. वचन. आणि दरी आली की असा बोंबलून वाचेन, की तिच्याकडे बघायला तुला सवडच मिळणार नाही."