अर्धं वल्हं

मित्रांनो, मी एक जुनं वल्हं आहे. खरं सांगायचं तर अर्धंच. माझा दांडा मधोमध सुटतो आणि दोन्ही तुकड्यांच्या टोकाला एकेक पातं असतं. खटका बसला की आम्ही एक, नाहीतर दोघं निम्मेनिम्मे.

कोयनेच्या खोऱ्यातल्या एका गावात फौजेतून निवृत्त झालेले सयाजीआबा राहतात. त्यांच्या लेकीनं, क्रांतीनं, मला हवेच्या होडीसोबत आणलं. ती होडी गुंडाळली की पाठीवरच्या पिशवीत मावते. बापलेक डोंगर तुडवत कोयनेच्या पाण्याशी उतरायचे, होडी फुगवून पलीकडं जायचे आणि पुन्हा रानवाट धरायचे. सोबत भाकरी, खर्डा आणि क्रांतीची अखंड बडबड. आबांचा एकच नियम होता, "एकट्यानं पाण्यावर जायचं न्हाई." तो मोडू नये म्हणून एक तुकडा त्यांच्या पिशवीत, दुसरा तिच्या. फार सुखाचे दिवस होते ते.

पुढं क्रांतीला बंगळुरात नोकरी लागली. जाताना ती आपला तुकडा घेऊन गेली. "आता बघू, कसं जाता एकटं," म्हणाली हसून. मी खुंटीवर लटकलो. माझ्यावर कोळ्यांनी जाळी विणली.

रोज संध्याकाळी तिचा फोन येई. "आबा, बरं हाय नव्हं?"

"लय ब्येस हाय," आबा धडधडीत खोटं बोलत. फोन ठेवला की माझ्याकडं बघत बसून राहत.

एका सकाळी त्यांनी मला खुंटीवरून काढलं. साठी उलटलेला माणूस पाठीवर होडी घेऊन एकटाच डोंगर उतरला. पाण्यावर आमची फजिती झाली. उजवीकडं वल्हवलं की होडी डावीकडं वळे, हात बदलेपर्यंत वारा तिला उलटी फिरवे. गरगरत आम्ही खोल पाण्यात गेलो. मी जिवाच्या आकांतानं पाणी कापलं, पण अर्ध्यानं किती पुरं पडावं? शेवटी वाऱ्यालाच दया आली आणि त्यानं आम्हाला काठच्या चिखलात लोटलं. आबा कितीतरी वेळ तिथंच बसून होते.

संध्याकाळी फोन आला. "आबा, बरं हाय नव्हं?"

आज आबा म्हणाले, "होडी नुसती गरगर फिरती गं."

"एकटंच गेलतासा?" तिनं दचकून विचारलं.

"व्हय. तुझ्याबिगर करमत न्हाई, क्रांते."

"येते मी," क्रांती म्हणाली. तिला अजून रजा मिळालेली नाही. पण आबांनी माझा चिखल धुतला, खटक्याला तेल लावलं. मी वाट बघतो आहे.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना पुसून, कोरडं करून ठेवत जा. आणि घरचं कुणी 'लय ब्येस हाय' म्हणालं, तर लगेच फोन ठेवू नका.