डाव्या हातात घे

सातवा चेंडूही प्रीतीच्या हाताला लागून सुटला आणि घरंगळत कोंबड्यांच्या डालग्याखाली जाऊन बसला. बेबीनंदा अंगणात होती तिथंच मटकन खाली बसली. सकाळपासून दुसऱ्याच्या रानात कापूस वेचून तिची कंबर कामातून गेली होती, बोंडांच्या टोकांनी बोटं सोलून निघाली होती, आणि त्यावर आता हे बेसबॉलचं खूळ. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

परतूरजवळच्या त्या गावात बेसबॉल कुणाच्या बापानं बघितला होता? पण शाळेवर नवे आलेले भागवत सर हट्टाला पेटले होते आणि त्यांनी पोरींची टीम काढलीच. ‘बिनस्टंपाचं क्रिकेट’ म्हणून गावानं पोटभर हसून घेतलं. टीमला नऊ पोरी लागत होत्या. आठ ठरल्या होत्या, उरलेली एक शनिवारी ठरायची होती. दहातले सात चेंडू जी धरील तिचं नाव लागणार, ती सामन्यांना जालन्याला जाणार.

प्रीतीनं आजवर आईकडं काही मागितलं नव्हतं. वय वर्षं नऊ, पण जत्रेत फुगेवाल्यासमोरसुद्धा गप उभी राहायची. तोंड उघडून तिनं मागितलेली ही पहिलीच गोष्ट होती, “माय, मला शिकव.” मग बेबीनंदाचा काय इलाज? ती वेचणीवरून येताना शाळेच्या फाटकाशी थांबली, सरांना विचारून आली. हातमोजा डाव्या हातात, डाव्यानं धरायचं, उजव्यानं फेकायचं. सरांनी एक जुना हातमोजाही आठवड्यासाठी घरी दिला. पोरीच्या हातात तो सुपाएवढा दिसायचा.

“ऊठ ना माय.” प्रीतीनं चेंडू आणून दिला.

बेबीनंदा गुडघ्यावर हात टेकून उठली. या खेपेला तिनं चेंडूकडं नाही, पोरीकडं पाहिलं. चेंडू आला तसा डावा हात बरोबर छातीपर्यंत वर आला आणि ऐन वेळी, तापलेल्या तव्याला लागल्यासारखा, झटकन मागं गेला. मोकळा उजवा हात पुढं आला, त्यावर चेंडू फटकन आपटला.

“हात कामून मागं घेऊन राह्यली?” बेबीनंदा खेकसली.

“मी न्हाई घेत,” बोटं चोळत प्रीती म्हणाली. “त्यो आपला आपलाच जातो.”

तो हात कुणी मागं घ्यायला शिकवला, हे बेबीनंदाइतकं कुणाला माहीत असणार?

पोरगी जन्माची डावखुरी. चार वर्षांपूर्वी बुद्धपौर्णिमेला विहारात बेबीनंदा खीर वाढत होती. रांगेत प्रीतीनं डाव्या हातानं वाटी पुढं केली. मागून कुणीतरी म्हणालं, “लेकराला वळण न्हाई का?” बेबीनंदानं हातातला पळा त्या हातावर हाणला. चारचौघांत. पोरगी रडली नाही, नुसता हात मागं घेऊन उभी राहिली. पुढं घरातही तेच. डावा हात पुढं आला की फटका. वर्षभरात पोरगी सरळ झाली, आणि बेबीनंदा बायांना मोठ्या कौतुकानं सांगायची की आमच्या प्रीतीचा हात सुधारला. चांगलाच सुधारला होता!

तिनं चेंडू कोनाड्यात ठेवला. “पुरे आजच्याला. जेवायला बस.”

चुलीपुढं तिनं भाकरी पुढं केली. प्रीतीचा उजवा हात आला.

“त्यात न्हाई. डाव्या हातात घे.”

पोरीनं आईच्या तोंडाकडं पाहिलं. मग चुलीजवळच्या पळ्याकडं पाहिलं. “मारशील,” ती म्हणाली.

दिवसभराचं ओझं बेबीनंदाला एवढं जड लागलं नव्हतं. भाकरी धरलेला तिचा हात तसाच राहिला, चटका बसला तरी. “न्हाई मारायची,” ती कशीबशी म्हणाली. “चुकलंच माझं तवा. घे.”

डावा हात निम्मा आला, थबकला, आणि मग आला.

त्या दिवसापासून सगळं डाव्या हातात. पाण्याचा तांब्या, दप्तर, मिरची, फणी. संध्याकाळी चेंडू. पहिल्या दिवशी दहातले दोन, मग चार. बेबीनंदाचा खांदा ठणकायचा, उभ्या उभ्या डोळे मिटायचे, तरी ती फेकायची.

गुरुवारी तिचा नवरा संपत ट्रक लावून घरी आला. येताना शहागडच्या नाक्यावरून लेकीसाठी गोडीशेव आणली होती. प्रीतीनं डावा हात पुढं केला.

“हात कोणता?” बापाचा आवाज चढला. हात मागं जायला लागला.

“तोच हात,” बेबीनंदा चुलीपासून ओरडली. “द्या त्यात.”

“लोकं काय म्हणतील?”

“म्हणू द्या. लोकाचं ऐकूनच तर त्यो हात मारला म्या.”

संपतनं एकदा बायकोकडं पाहिलं आणि पुडी लेकीच्या डाव्या हातात ठेवली.

शनिवारी शाळा सकाळची होती, पण बेबीनंदाला रान चुकत नव्हतं. ओटीत कापूस पडत होता, डोळे सारखे पायवाटेकडं जात होते. दुपारी प्रीती धावत आली. बांधावर येऊन थांबली, धाप लागलेली.

“काय झालं गं?”

“आठ धरले. नाव लागलं माझं.” मग थोडं थांबून, तेच खरं सांगायचं असल्यासारखं ती म्हणाली, “माय, हात एकदाबी मागं न्हाई गेला.”

आणि तिनं डावा तळहात पुढं केला. जुन्या हातमोज्यातून मार बसून बसून तो लालबुंद झाला होता, थोडा सुजलाही होता.

हा हात असा लाल झालेला बेबीनंदानं एकदा पाहिला होता. त्या दिवशी ती पुढच्या वाटीत खीर वाढायला निघून गेली होती. आज ती ओटी तशीच पोटाला ठेवून बांधावर बसली, पोरीला जवळ ओढलं आणि बाटलीतलं गार पाणी त्या हातावर ओतत राहिली. पाणी संपलं तरी तिनं हात सोडला नाही.